मंजुळेच्या गळ्यातली रिकामी जागा

१२ सप्टें.
मंजुळेची गाठ आज दोऱ्यानं मोजली. पोळ्याच्या आधी बोराएवढी होती, आता आवळ्याएवढी म्हणावी. बरोबर मधोमध, हनुवटीच्या खाली. गिळताना वर-खाली होते. लहानपणापासून तिथं वाटाण्याएवढं काहीतरी होतंच. मायला ठाऊक होतं, मलाही. बहीण अठ्ठावन्नची झाली, मी सहासष्टचा. आता या वयात हिच्या गाठीला वाढायचं काय सुचलं!
टिंचर आयोडीनचा आज सहावा दिवस. मूल गावच्या मेडिकलमधून आणलं. दुकानदार म्हणे, "काका, हे आता कोन लावते?" म्हटलं, मी लावतो. पस्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर होतो. मान सुजलेली बाई आली की चिमट्यात बोळा आणि तपकिरी रंग. किती गळे रंगवले असतील देव जाणे.
मं. (आता मं.च लिहितो, बोटं दुखतात) मान वर करून लहान पोरीसारखी बसते. "थंड लागते रे दादा," म्हणते, तेवढंच.

१४ सप्टें.
कमलचं म्हणणं, चंद्रपूरला दाखवा. बायकोचं ऐकलं नाही तर चहा थंड येतो.
"साऱ्या गावाचे डाक्टर तुम्ही. घरच्याले काऊन बोळ्यावर ठेवून राह्यले?"
मं. भाकरीचा घास पाण्याबरोबर ढकलत होती. तिनं सांगितलं, भात अडकते. कधीपासून? "झाले असतील दोन-तीन महिने." मग सांगितलं का नाही? "तुम्ही इचारलं नाई."

१९ सप्टें.
चंद्रपूर. सर्जन साहेब तरुण, हात हलका. जीभ बाहेर काढायला लावली, गाठीवर बोट ठेवलं. जीभ बाहेर येताना गाठही वर सरकली. म्हणाले, जन्माआधीची एक नळी असते, ती बंद व्हायची राहिली की तिथं पाण्याची गाठ होते. साधं ऑपरेशन आहे. ९ ऑक्टो. तारीख दिली. त्याआधी रक्त आणि गळ्याची सोनोग्राफी.
मं.नं एकच विचारलं, "कापल्यावर भात सरळ जाईन ना खाली?"
साहेब हसले. जाईल म्हणाले.
बसमध्ये झोपली माझ्या खांद्यावर. ही कुठंही झोपते.

२० सप्टें.
तारीख ठरल्यापासून जुनं डोक्यात फिरतंय.
आमचा तलाव. बाबा आणि काका जाळं ओढायचे, आम्ही पोरं शिंगाडे काढायला. मी, चुलत भाऊ, शेजारच्या दोन पोरी आणि शेवटी मं. आमच्या टोपल्या भरायच्या तेव्हा ही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक शिंगाडा सोलत असायची. माय काठावरून ओरडायची, "मंजे, गोगलगाय हायेस का तू?" मग आम्हीही ओरडायचो. गोगलगाय, गोगलगाय. ती पण हसायची आमच्यासंगं. तेच आठवतं मला, तिचं ते हसणं.
भर उन्हाळ्यात चुलीजवळ बसायची. आवाज जाडा, घोगरा. पहिलीत दोनदा बसली, मग गुरुजीच म्हणाले की घरी कामाला लावा.
मी तरी कुठं शिकलो फार? सातवी. बाकी सगळं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आणि डॉक्टरांच्या मागं उभं राहून.

२६ सप्टें.
आजचं नीट लिहून ठेवतो.
सोनोग्राफीवाल्या बाई डॉक्टर. आतल्या खोलीत अंधार. मी जुना ड्रेसर आहे म्हटल्यावर मला पडद्यापाशी उभं राहू दिलं. गळ्यावर थंड चीक लावला, मं. दचकली. "बाई, हे तं दादाच्या बोळ्याहून थंड हाये!" बाईंनी ऐकलं नसावं, त्या पडद्यातच होत्या.
पाण्याची गाठ असती तर काळी दिसली असती. ही करडी, भरीव. बाईंनी एक बटण दाबलं तशा गाठीत लाल-निळ्या ठिणग्या दिसल्या. रक्त वाहतं म्हणाल्या तिच्यातून.
मग यंत्र खाली सरकवलं. श्वासनळीच्या डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, परत डाव्या. बराच वेळ. मला वाटलं यंत्र बिघडलं.
"काका, यांच्या गळ्याचं आधी ऑपरेशन झालं होतं?"
"कधीच नाही."
"नक्की?"
"बाई, माझ्या हातावर वाढली आहे ती."
"मग थायरॉइड कुठं गेलं?"
नळीच्या दोन्ही अंगांना फुलपाखराच्या पंखांसारखी ग्रंथी असायला हवी. मं.च्या गळ्यात तिथं काहीच नाही. जागा रिकामी. बाईंनी समजावलं: बाळ पोटात असताना ही ग्रंथी जिभेच्या बुडाशी तयार होते आणि हळूहळू खाली गळ्यात उतरते. एखाद्याची वाटेत थांबते. "मला वाटतं ही गाठ म्हणजेच यांची ग्रंथी. आणि दुसरी नाही. ही कापली तर काहीच उरणार नाही. मी सर्जनना फोन करते."
फोन केला माझ्यासमोरच. ९ तारीख रद्द. आधी नागपूरला स्कॅन, मग ठरेल.
मं. बाहेर बाकावर बसून चीक पदरानं पुसत होती. "काय निघालं?"
म्हटलं, तुझी गाठ वाटेत बसून राहिली आहे.
"बसू दे मंग," ती म्हणाली.

२७ सप्टें.
झोप आली नीट? नाही. दोन आठवड्यांनी ती गाठ बशीत पडली असती. आणि मीच सही करणार होतो.
आयोडीन आता दोनदा लावतो. बसली तर बरं. कापायचा प्रश्नच उरणार नाही.

६ ऑक्टो.
नागपूर. पहाटेची बस, कमलनं भाकरी आणि झिंग्यांची चटणी बांधून दिली.
स्कॅनवाल्या दवाखान्यात कागद भरला. आयोडीनचं औषध चालू आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, रंग टोचून सीटी केलं का. तीन वेळा नाही लिहिलं. औषध म्हणजे पोटातलं, असंच डोक्यात. दुसरं काही मनात आलंच नाही, खरं सांगतो.
मं.च्या शिरेत जरासं औषध टोचलं. जिवंत ग्रंथी ते औषध ओढून घेते आणि कॅमेऱ्यात उजळून दिसते. वीस मिनिटांनी तिला कॅमेऱ्याखाली निजवलं. ती लगेच झोपली. चित्र आलं. गालाजवळच्या लाळेच्या ग्रंथी दिसल्या. गाठीच्या जागी काही नाही. खालीही काही नाही.
डॉक्टर तरुण, चष्मेवाले. म्हणाले, "गाठीनं औषध ओढलं नाही. म्हणजे ती थायरॉइड नसावी. मग काढायला हरकत नाही."
माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, लाज वाटते लिहायला. वाटलं, सोनोग्राफीवाल्या बाई चुकल्या.
एवढ्यात तिथली मदतनीस मुलगी मं.ला उठवत होती. मं.च्या गळ्यातली काळी पोत सरकली. "आजी, हे मानेला पिवळं काय लागलंय? हळद आहे का?"
एका क्षणात सगळं कळलं मला आणि तरी गप्प बसलो. पस्तीस वर्षांचा ड्रेसर, या पोरसवदा डॉक्टरसमोर काय सांगू...
मं. म्हणाली, "हळद नाई वो. दादा लावून देते रोज. दवाई हाये. पैले एकदा लावत होता, आता दोनदा लावते."
डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय लावता काका?"
सांगितलं.
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आयोडीन कातडीतून आत जातं. ग्रंथीचं पोट आधीच भरलं, तर ती आमचं औषध कशाला घेईल? आजचं स्कॅन वाया. सहा आठवडे आयोडीनचा थेंब नको, मग परत या. थायरॉइडची गोळीही आत्ता नाही, ती स्कॅननंतर.
मग हळूच म्हणाले, "बरं झालं आजी बोलल्या."

७ ऑक्टो.
बाटली कमलनं घरामागच्या सांदवाडीत नेऊन उलटी केली.
मी लावलेल्या रंगापायी त्या कागदावर 'कापायला हरकत नाही' असं लिहिलं गेलं असतं. तिची एकच ग्रंथी, आणि मी...

९ ऑक्टो.
आज ऑपरेशन होणार होतं. मं. दिवसभर जाळं विणत बसली. फाटकं जाळं तिच्याइतकं नीट गावात कुणी जोडत नाही. एक गाठ, मग थांबणं, मग दुसरी गाठ. घाईच्या माणसाचं ते काम नव्हेच.
माफी मागायला गेलो. "मंजे, मी चुकलो."
"कायले?"
"त्या आयोडीनले."
"वास मस्त होता पन," म्हणाली.

१४ ऑक्टो.
रक्ताचा कागद आला. टी.एस.एच. खूप वर. ग्रंथी कमी काम करते म्हणून मेंदू तिला ओरडून ओरडून सांगतो, काम कर, काम कर. त्या ओरडण्यानंच ती सुजते. फोनवर सोनोग्राफीवाल्या बाईंनी समजावलं, उपकार त्यांचे.
मी विचारलं, लहानपणापासून असेल का?
"उंची किती त्यांची?"
कमलच्या खांद्याएवढी.
"थंडी वाजते? झोप? बद्धकोष्ठ? आवाज जाड?"
हो. हो. हो. हो.
"काका, थोडंफार तेव्हापासूनच कमी असणार."
फोन ठेवला आणि सांदवाडीत जाऊन बसलो.

१५ ऑक्टो.
सासरचं आठवलं. लग्न झालं तेव्हा एकोणीसची. भाताची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत तिचा सासरा घेऊन आला आणि ओट्यावर सोडून गेला. म्हणाला, "तुमची पोरगी चिखलाच्या बांधीत उभ्या उभ्या झोपते. पऱ्हे हातात, आन् डोये मिटलेले." बाकीच्या बाया ओळ संपवून शेताच्या धुऱ्यावर चढायच्या तेव्हा ही मधेच. गाणं पुढं, ही मागं. त्या घरानं दुसरी आणली. ही इथंच राहिली.
मी तेव्हा नवाच ड्रेसर. ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या. लाल, गोड. त्या खायची आणि चुलीपाशी बसायची. मी म्हणायचो, मंजे, औषधानं काय होणार, अंगात पाणी पाहिजे.
असं म्हणायचो मी.

५ नोव्हें.
दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि रात्रीची नाटकं, सुरू. सहा आठवडे संपायला अजून बारा दिवस. गळ्यावरचा पिवळा डाग गेला. मी रोज बघतो, ती चिडवते, "काय पायतोस? दागिना हाये का?"

१८ नोव्हें.
नागपूर, दुसऱ्यांदा. या वेळी कागदावर सगळं लिहिलं. आयोडीन: लावलं होतं, बंद करून ४२ दिवस, लावणारा मीच.
चित्र आलं. गळ्याच्या वरच्या भागात, मधोमध, एक ठळक ठिपका. अगदी गाठीच्या जागी. खाली अंधार.
डॉक्टर म्हणाले, "ही त्यांची ग्रंथी. एवढीच आहे."
अंधाऱ्या वाटेवर कुणी एकटा कंदील घेऊन थांबलाय असं दिसत होतं. मी मं.ला बोलावून दाखवलं. तिनं जवळ जाऊन पाहिलं.
"हे मी?"
"तुझ्या गळ्यातलं."
"लहान हाये," म्हणाली. मग चित्रावर बोट ठेवून, "पन उजेड पडते."

१९ नोव्हें.
आज तिला सगळं सांगितलं. जन्मापासून ग्रंथी छोटी, अर्ध्या वाटेत. त्यामुळं अंगात रस कमी. त्यामुळं थंडी, झोप, हळूपणा. शाळेतलंही त्यानंच असेल. तिचा दोष नव्हता. आळस नव्हता.
ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं समजलं नाही. मी परत सांगायला लागलो.
"समजलं रे."
निवडलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "मंग माय उगाच मारे मले."


२४ नोव्हें.
गोळी सुरू. पांढरी, मसुराएवढी. सकाळी उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा तास चहा नाही. घरात महायुद्ध. मं.ला उठल्याबरोबर चहा लागतो, साठ वर्षं होत आली सवयीला. पहिल्या दिवशी गोळी आणि चहा एकाच घोटात. कमलनं कप हातातून काढून घेतला.
"वैनी, मी मरून जाईन!"
"अर्ध्या घंट्यात कोनी मरत नाई. बस."
मी घड्याळ घेऊन मधे बसतो. रोज.

२२ डिसें.
थंडीचा कडाका. मं.नं आज ओट्यावर बसून शाल काढली. "गरम होते," म्हणाली. कमलनं माझ्याकडं पाहिलं. मी कमलकडं. या बाईच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

११ जाने.
शेजारच्या गावात नाटक होतं. एरवी मं. पहिल्या घंटेला आडवी व्हायची आणि आम्ही तिला गोणीसारखी बैलगाडीत घालून आणायचो. (बैलगाडी आता कुठं, टेम्पो म्हणावं. पण आठवते ती गाडीच. घुंगरं, खाली भाताचं तणस, मं.चं डोकं माझ्या मांडीवर.) आज सकाळी तिनं नाटकाची पूर्ण गोष्ट सांगितली. कोण मेलं, कोण फसलं, नायिकेची साडी किती वेळा बदलली. झोपलो होतो तो मीच.

२ फेब्रु.
कमलचं आणि मं.चं भांडण. मिठावरून. पूर्वी कमल बोलायची आणि मं. ऐकून घ्यायची, मग मी म्हणायचो जाऊ दे. आज मं.नं तिलाच सुनावलं. कमल येऊन मला म्हणते, "तुमची बहीन बदलली." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.
माझंही तेच झालंय. बरं वाटतं आणि काहीतरी हरवल्यासारखंही. ती चुलीपाशी बसलेली असायची, बाहेरून आलो की सगळ्यांत आधी तिची पाठ दिसायची. चाळीस वर्षं. आता आलो की विचारावं लागतं, मंजी कुठी गेली?
देवा, असला विचार बरा नव्हे. लिहिलं आहे तर राहू दे.

२० फेब्रु.
मार्कंड्याची जत्रा. नदीच्या वाळूतून चालताना मं. पुढं होती. म्हटलं, थांब. थांबली नाही. मला बघून हसणारे दोघे-तिघे होते, मीही हसलो.
देवळाच्या भिंतीवरच्या दगडी बायांकडं बघत म्हणाली, "पाय ना दादा, यायचे गळे कसे सरळ हायेत."
गाठ अजून दिसते तिची. कमी झाली आहे. पण दिसते. लोक बघतात. आधी ती गळ्यावरून पदर घ्यायची नाही, आता घेते.

४ मार्च
चंद्रपूर. आधी सोनोग्राफी. गाठ जराशी आकसली. खालची जागा तशीच रिकामी, ती आता भरायची नाहीच. मग सर्जन साहेब. रक्त बरंच सुधारलं म्हणाले.
"भात जातो?"
"कधी जाते, कधी बसते."
साहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. गोळी जन्मभर घ्यावीच लागेल, गाठ ठेवली तरी आणि काढली तरी. ठेवली तर स्वतःचं थोडं काम करत राहील, कदाचित अजून लहान होईल, कदाचित नाही. काढली तर गळा मोकळा, पण सगळा भार गोळीवर, एक दिवस चुकवून चालणार नाही. घाईचं काही नाही.
मी बोलायला लागलो. म्हणजे तोंड उघडलंच होतं. साहेबांनी हात वर केला आणि मं.कडं वळून विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"
तिला असं कुणी कधी विचारलं असेल? लग्नाच्या वेळी नाही. शाळेतून काढताना नाही. सप्टेंबरात ९ ऑक्टो. तारीख ठरली, तेव्हा तर हो मीच म्हटलं.
तिनं गाठीवर दोन बोटं ठेवली. खूप वेळ. साहेबही थांबले, हे त्यांचं मोठेपण.
"सांगीन," म्हणाली.
बसमध्ये झोपली नाही. खिडकीकडची जागा मागून घेतली. चंद्रपूर मागं पडलं तसं मी विचारलं, काय ठरवलं? मोहाची झाडं लागली, पानं झडलेली, खाली फुलं वेचायला बायकांनी झाडून घेतलेली जागा. परत विचारलं. माझं मत ठेवावं असं आहे, तेही सांगून टाकलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याकडं वळली.
"दादा, गळा माझा हाये. तू गप बस."
रागानं नाही म्हणाली. पण म्हणाली.
मूलचा स्टँड येईपर्यंत बाहेर बघत होती. मी गप बसलो.